अक्कांच्या कोंबड्यांची लस

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलींना नाही, देवासमोर हात जोडतानासुद्धा कधी पुटपुटले नाही. आज तुम्हाला सांगते आहे आणि छाती नुसती धडधडते आहे. भीतीने? नाही हो. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदम वर येतंय, शब्द एकमेकांना ढकलताहेत — कुठून धरू?

अक्कांपासून धरते. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. अमळनेरच्या पुढे एसटीने जावं लागे असं आमचं गाव. मी लग्न होऊन आले त्याआधीच मोठे दीर गेले होते, आणि अक्कांनी परसात कोंबड्या पाळायला घेतल्या होत्या. एरवी घरात त्यांचा आवाज नसे. पण कोंबड्यांच्या बाबतीत — बाई गं, सेनापतीच!

घार पिल्लं उचलायची, तर त्यांनी तुटलेल्या कॅसेटची फीत परसभर ताणून बांधली. वारा सुटला की फीत गुणगुणायची, उन्हात चमकायची, आणि घार वरच्या वर घिरट्या घालून निघून जायची. मुंगूस भिंतीखालून यायचं, तर बिळांत काचा कालवलेला चिखल ठासला. एकदा तेच मुंगूस भरदुपारी पिल्लू तोंडात धरून निघालं, आणि आम्ही दोघी — मी झाडू घेऊन, अक्का लाटणं घेऊन — परसातून, गोठ्यातून, शेजारणीच्या वाळत घातलेल्या पापडांवरून धावलो. अक्कांनी लाटणं फेकलं. मुंगसाने पिल्लू टाकलं. जिवंत! अक्कांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

माझा फार जीव होता त्यांच्यावर. पण हे कशाला सांगते आहे? त्याने काय बदलतं?

घारीला उपाय होता, मुंगसाला होता. मानमोडीला नव्हता. उन्हाळ्यात हा रोग यायचा. धडधाकट कोंबडी पेंगायला लागायची, हिरवं हगायची, मान वाकडी करून जागच्या जागी गोल फिरायची — आणि एक गेली की गल्लीतल्या सगळ्या जायच्या. अक्कांनी कुठून तरी ऐकलं की अमळनेरला गुरांच्या दवाखान्यात याची लस मिळते, डोळ्यांत थेंब टाकायचे. सासूबाई म्हणाल्या, कोंबडीला कसलं आलंय औषध. अक्का हटल्या नाहीत. घरोघरी जाऊन बायकांना पटवलं, तुमच्या कोंबड्यांना मी स्वतः थेंब घालते म्हणाल्या. लस आणायलाही त्याच जाणार होत्या, पण सासूबाई तापाने पडल्या आणि पाठवलं मला. मास्तरांकडून मागून आणलेला थर्मास माझ्या हातात देत अक्का म्हणाल्या,

"रस्तामा कोठे थांबू नको व. बरफ वितळना की लस गयी."

आणि मी निघाले. एकटी! लग्नानंतर पहिल्यांदा एसटीत बरोबर कुणी नाही, खिडकीची जागा, तोंडावर गरम वारा, आणि मला गावंसं वाटत होतं! दवाखान्यातल्या कंपाउंडरने थर्मासमध्ये बर्फ भरला, लसीची कुपी आत ठेवली आणि अक्कांनी सांगितलेलंच पुन्हा बजावलं. मला कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. चांगलं कळलं होतं.

स्टँडवर सुमन भेटली. माहेरची, शाळेत माझ्याच बाकावर बसणारी. बोरी नदीच्या पात्रात जत्रा भरली होती. एकदाच पाळण्यात बसू, म्हणाली. एकदाच.

वैशाखातल्या उन्हात पाळण्याच्या अगदी टोकाला तुम्ही कधी गेला आहात? सगळं अमळनेर पायाखाली, पोटात गोळा, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे — आणि मी ओरडत होते, मोठ्याने, लाज सोडून! उतरलो, पुन्हा बसलो. घशाला कोरड पडली. थर्मास माझ्या मांडीवर होता. झाकण कोणी उघडलं? सुमनने नाही. मी. बर्फाचा एक खडा तोंडात टाकला, एक तिला दिला. मग गालावर फिरवला, मानेवर फिरवला. कडाकडा चावून खाल्ला आम्ही तो बर्फ. हसता हसता संपला. कुपी तळाच्या पाण्यात लोळत राहिली.

मग परत दवाखान्यात गेले? नाही. कंपाउंडर काय म्हणेल, याची लाज वाटली. आमच्या फाट्यावर उतरले तेव्हा ते पाणी कोमट झालं होतं. मी ते ओतलं आणि हापशाचं गार पाणी थर्मासमध्ये भरलं.

अक्कांनी झाकण उघडून बोट बुडवलं. "बरफ व्हता ना व?"

"व्हता, अक्का. आत्तेच वितळना."

बोलले एकदाची. हेच ते.

संध्याकाळी गल्लीत नुसती धांदल! बायका काखेत कोंबड्या धरून आल्या, पोरं पळालेल्यांच्या मागे धावली. अक्कांनी कुपीतली पूड पाण्यात मिसळली आणि एकेक कोंबडी पदराखाली घेऊन, चुचकारून, डोळ्यांत थेंब घातले. कोंबड्या धरायला कोण होतं? मीच.

पुढच्या अमावास्येच्या आत मानमोडी आली. अक्कांची तुरेवाली गेली, मग सगळं खुराडं, मग गल्ली. बायका आमच्या अंगणात जमल्या. लस कुचकामी निघाली असं कुणी म्हटलं नाही. एक म्हणाली, "तिना हात लागना आनि बठ्ठ्या मरी ग्यात." तिचा हात लागला आणि सगळ्या मेल्या — विधवेचा हात, हे त्यात न बोलताच आलं. अक्का दारातच उभ्या होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. तू तर बरोबर होतीस, तुला काय वाटतं, असं विचारलं.

मी म्हणाले, "मना मनमाबी तेच उनं."

माझ्याही मनात तेच आलं. अक्कांच्या देखत म्हणाले मी हे. कुणी माझा गळा धरला नव्हता.

अक्कांनी पुन्हा कोंबड्या पाळल्या नाहीत. आधी खुडूक कोंबडीखाली अंडी मांडायची झाली की गल्लीतल्या बायका अक्कांना बोलवत, त्यांनी मांडलेल्या सगळ्या अंड्यांतून पिल्लं निघतात म्हणून. आता मला बोलवायला लागल्या. मी जायची. कुंकू लावून घ्यायची, मान मिरवायची. आवडायचं मला. आणि तुमच्यापासून काय लपवू — तो पाळणा आठवला की अजून अंगावर काटा येतो, सुखाचा.

पुढे बऱ्याच वर्षांनी धुळ्याच्या दवाखान्यात अक्का शेवटच्या दुखण्यात पडल्या. मी त्यांच्याजवळ राहिले होते. एका दुपारी, खोलीत आम्ही दोघीच असताना, त्या आपले हात उलटेपालटे करून बघत म्हणाल्या, "मनाच हात वाईट व्हता व. गल्लीना बठ्ठ्या कोंबड्या मारी टाक्यात मी."

मी त्यांचे पाय चेपत होते. चेपत राहिले.