जाकिटाला पाजलेलं तेल

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या जंगलात गस्त घालणाऱ्या ताराचंदला डॉक्टरांनी छाती तपासून बजावलं होतं, "आणखी एकदा भिजलास, तर जंगल सुटलं समज." म्हणून त्यानं गोंदियातल्या दुकानातलं सगळ्यात भारी पावसाळी जाकीट निवडलं. बाहीत तांब्याभर पाणी ओतून पाहिलं, तर थेंब गळेल तर शपथ!

पण चामडी जोड्याला तेल पाजलं की पाणी शिरत नाही, हा बापाचा धडा. घरी येताच त्यानं जाकिटाला मोहाच्या बियांचं तेल मायेनं चोळलं.

"नव्याले तेल कायले लावून राहिले जी?" बायको सुमनबाई म्हणाली.

"अवो, आखीन पक्कं होते!"

तेलानं शिवणींवरच्या पाणी अडवणाऱ्या चिकट पट्ट्या सुटल्या. पुढच्याच गस्तीत पाणी पाठीत उतरलं. ताराचंद खोकत घरी आला, जाकीट खुंटीला टांगलं आणि गस्तीची काठी चुलीजवळ सरपणात टाकली.