शिजलेलं आणि खाल्लेलं

“कडू कंद. मीठ. संपलं!”

रेल्वेतल्या बाबूंची मुलगी माझी वही मोठ्यानं वाचत होती. आणखी काही लिहिलंय का, म्हणून तिनं पान उलटून मागेही बघितलं. मग म्हणाली, “अगं, जेवलीस की औषध घेतलंस?”

अख्खा वर्ग हसला. मीही हसले. न हसून कसं चाललं असतं?

डहाणूत बालवाडी चालवायला बायका तयार करायचा वर्ग होता तो. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. वर्गात प्रत्येकीनं आपण रोज काय खाल्लं ते वहीत लिहायचं. शनिवारी वह्या बदलायच्या. शेजारणीची वही वाचून शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा. उत्तम, मध्यम किंवा हीन. मी श्रावणात चार दिवस घरी जाऊन आले होते, सायवनच्या पुढे, डोंगरात. वर्ग घेणाऱ्या बाईंनी निघतानाच नवी वही दिली होती, म्हणाल्या होत्या, घरीसुद्धा भरायची. मी भरली. खाल्लं ते लिहिलं.

श्रावणात आमच्याकडे कणगी तळाला जाते. भात अजून शेतात हिरवा असतो. मग आई रानातून कडू कंद खणून आणते. त्याच्या चकत्या करते, राख घालून उकडते, टोपलीत भरून वाहत्या ओहोळात ठेवते. सकाळपर्यंत पाणी कडूपणा ओढून नेतं. राख कमी पडली तर घसा धरतो. आईची राख कधी कमी पडली नाही. हे सगळं मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. मला उभं केलं होतं.

बाई म्हणाल्या, “याला खाणं म्हणत नाहीत. हे अज्ञान आहे. म्हण, पुन्हा असं खाणार नाही.”

मी म्हटलं. आईनं शिजवलेलं पुन्हा खाणार नाही, असं वीस जणींसमोर म्हटलं. वर “हो बाई” जोडलं. वहीत लाल शाईनं ‘हीन’ आलं.

माझी शाळा चौथीतच सुटलेली. वर्गाला सातवी लागायची. बाईंनी शब्द टाकला म्हणून मला घेतलं. राहायलाही त्यांच्याच घरी, मागच्या पडवीत. उपकार काय थोडे होते? सकाळी पाणी भरायचे, भांडी घासायचे, मग बाईंची पिशवी घेऊन त्यांच्या मागून वर्गाला जायचे. रोज वाटायचं, आज काही चुकलं तर परत पाठवतील. गावात काय तोंड दाखवू?

जेवायला मी सगळ्यांच्या शेवटी. पातेल्याच्या बुडाची खरवड. साहेबांच्या, म्हणजे बाईंच्या यजमानांच्या, ताटात उरलेली आमटी. मुलांनी टाकलेले पोळीचे काठ. सुट्टीवरून आल्यावर पहिल्या दिवशी मी तसंच लिहिलं. वर्गाला निघायच्या आधी बाईंनी वही बघितली. पान फाडलं. ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “घरात काय शिजतं ते लिहायचं. तू काय खाल्लंस ते कोण विचारतंय?”

मग मी शिजलेलं लिहू लागले. वरण, भात, तूप. पोळी, मेथीची भाजी. दूध एक पेला. दर शनिवारी उत्तम. बाबूंची मुलगी म्हणाली, “बाईंकडे राहून माणसात आलीस हं!” मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. तेच आज जास्त टोचतं.

दिवाळीनंतर दवाखान्यात सगळ्यांची पुन्हा वजनं केली. माझं सहा पौंड उतरलं होतं. कंपाउंडर म्हणाला, “हिला खायला मिळतं का?” बाईंनी माझी वही त्याच्यापुढे धरली. “बघा, दूध-तूप चालू आहे. पण या लोकांच्या अंगाला लागतच नाही.”

म्हणजे दोष माझ्या अंगाचा. वहीत पुरावा होता. माझ्याच अक्षरात.

त्याच आठवड्यात आम्हाला तलासरीकडच्या एका पाड्यावर नेलं. तिथल्या बायकांना विचारून त्यांचं खाणं वहीत भरायचं होतं. माझ्या वाट्याला आलेली बाई ओसरीवर नागली, म्हणजे नाचणी, पाखडत बसली होती. कडेला मूल. काल काय खाल्लं म्हणून विचारलं. म्हणाली, “पेज. न् मुठे धरलं व्हतं पोरानी, त्यांचा रस्सा.” शेतातले खेकडे. मी लिहिलं. लिहिताना तोंडाला पाणी सुटलं.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. “शेरा लिही. हीन.”

पेन टेकलं. पुढे जाईना.

ती बाई सूप थांबवून विचारत होती, “काय लिवतेस गं बाय माझ्या खान्याचा?”

तिला काय सांगणार होते? तुझं गरम, तुझ्या चुलीवरचं, तुझ्या पोरानं आणलेलं खाणं हीन. आणि मी उष्टं खाते ते उत्तम?

मी म्हटलं, “बाई, हिला शेरा नाही मारणार. आधी माझी वही खरी करते.”

“काय बरळतेस?”

मी उभी राहिले. सगळ्या पोरी बघत होत्या. मी वहीत न बघता सांगितलं, “काल सकाळी भाताची खरवड. दुपारी साहेबांच्या ताटातली आमटी. संध्याकाळी पोळीचे काठ, तीन. दूध नाही. तूप नाही. एकाही दिवशी नाही.”

बाबूंची मुलगी खाली बघू लागली.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. “उपकाराची ही जाण?”

“आहे, बाई. वर्गात घेतलंत, त्याची आहे.”

दुसऱ्या दिवशी माझं नाव वर्गातून काढलं. प्रमाणपत्र नाही. कुणी माझ्या बाजूनं बोललं नाही. त्या पाड्यावरच्या बाईला मी पुन्हा कधी भेटले नाही. ती मला भली म्हणाली असेल की वेडी, माहीत नाही.

त्यानंतर पोटासाठी लांब आले. आजही दुसऱ्यांच्याच घरी स्वयंपाक करते, दुसऱ्यांच्याच छपराखाली झोपते. भीती गेलेली नाही. कुणी जागा दिली की अजून हात जोडले जातात. जोडू देत. पण मी काय खाल्लं असं कुणी विचारलं, तर खाल्लं तेवढंच सांगीन. चार माणसांत विचारलं, तर चार माणसांत. त्यानं घर सुटलं तर सुटो. माझ्या उपाशी पोटावर कुणाच्या घराचं चांगलं नाव मी पुन्हा लिहिणार नाही.