न उडालेले तास

त्या प्रकरणाचे कागद केव्हाच न्यायालयाच्या दप्तरात जमा झाले, पण ज्या पत्रापासून ते सुरू झाले त्याचा शब्द न् शब्द मला अजून पाठ आहे. पोस्टाचे साधे आंतर्देशीय पत्र होते. निळी शाई, नीट अक्षर, भाषा हिंदी. पाठवणाऱ्याचे नाव नव्हते.

तेव्हा मी जबलपूरच्या एका ठाण्याचा टी.आय., म्हणजे ठाणे प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. सकाळची हजेरी, गस्तीचा अहवाल, रोजनामच्यावर सही आणि मग टपाल, असा माझा क्रम असे. आठवड्याला चार-पाच निनावी पत्रे येत. बहुतेक शेजाऱ्यांच्या भांडणांची किंवा भावकीतल्या जमिनीची असत. ती वाचून फाइलला लावायची. हे पत्र मी दोनदा वाचले.

‘हमारे शहर में जो छोटा जहाज़ आता है, उसकी एक को-पायलट की लॉगबुक के सारे घंटे उड़े हुए नहीं हैं। गोरखपुर में जिस फ्लाइंग स्कूल का दफ़्तर है, उसने जहाज़ धावपट्टी पर खड़ा रखकर घंटे लिखे। यात्रियों की जान का सवाल है। उसे पूरी शिक्षा दी जाए, और जब तक न मिले, जहाज़ पर न भेजा जाए।’

वैमानिकाला परवाना मिळण्यासाठी दोनशे तास उड्डाण करावे लागते आणि ते तास त्याच्या वहीत, म्हणजे लॉगबुकात, प्रशिक्षकाच्या सहीने नोंदले जातात, एवढे मला त्या दिवशी समजले. पत्रातले गोरखपूर म्हणजे जबलपूरचाच एक भाग; तिथल्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर त्या शाळेचे कार्यालय होते. धावपट्टी जिल्ह्याबाहेर होती. कार्यालय माझ्या हद्दीत, म्हणून चौकशी माझी.

आमचे हेड साहेब, म्हणजे प्रधान आरक्षक, महाराष्ट्रातले हवालदार, रीव्याकडचे. त्यांनी पत्र वाचले आणि म्हणाले, “साहब, इसमें तो पढ़ाने की बात लिखी है.”

मी हसलो. त्यांना समजावले की हे पत्र हिंदी माणसाने लिहिलेलेच नाही. हिंदीवाला हवाई पट्टी म्हणेल, रनवे म्हणेल. ‘धावपट्टी’ हा शब्द मराठी घरातला. आणि मराठी माणूस हिंदीत ‘शिक्षा’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात सजा असते. कोणीतरी त्या मुलीला सजा व्हावी म्हणून टपला आहे. हेड साहेब ‘जी साहब’ म्हणाले. माझ्या या बारकाईचे मला त्या दिवशी कौतुक वाटले, हे लिहायला आज बरे वाटत नाही.

शाळेच्या कार्यालयातून कागद जप्त केले. ज्या उड्डाणांबद्दल शंका होती त्यांवर एकाच प्रशिक्षकाची सही होती. ते हवाई दलातून निवृत्त झालेले, राइट टाउनमध्ये एकटे राहणारे, सत्तरीचे गृहस्थ. शाळेच्या नोकरवर्गातले एकमेव मराठी. व्यवस्थापकाशी भांडून त्यांनी वर्षभरापूर्वी नोकरी सोडली होती. मला सगळे जुळलेले दिसले: पैसे घेऊन खोट्या सह्या केल्या, पुढे बिनसले, आणि आता निनावी पत्र लिहून सूड घेत आहेत.

त्यांना मी ओळखत होतो. आमच्या मराठी वाचनालयात दर गुरुवारी संध्याकाळी ते आणि मी पुस्तक बदलायला जात असू. ते मला चरित्रे सुचवत, मी त्यांना प्रवासवर्णने. वाचनालयात मी त्यांना ‘सर’ म्हणत असे. ठाण्यात आले त्या दिवशी मी नुसते ‘बसा’ म्हणालो.

अकरा वाजता आलेल्या माणसाला मी चार वाजेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले. ही आमची पद्धत. वाट पाहून माणूस आतून सैल होतो, असे आम्हाला वाटते. त्याच बाकावर पाकीटमारीतला एकजण बसला होता. त्याने सरांना विचारले, कशात आलात बाबूजी, आणि सर म्हणाले, अजून सांगितलं नाही. ठाण्याचा कारकून, मुंशी, मागाहून हे हसत हसत सांगत होता.

चौकशीत ते मोजके बोलले. ह्या सह्या त्यांच्या नाहीत. नोकरी सोडली कारण शाळेचे विमान इंजिनासाठी महिनोन् महिने उभे असायचे आणि पोरांना तास लिहून देण्याचा आग्रह व्हायचा. तक्रार का केली नाही, असे मी विचारले. “केली,” ते म्हणाले. “ज्याच्याकडे केली तोच मालक होता.” मी त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले.

दुसऱ्या दिवशी मी पत्र त्यांच्यापुढे टाकले आणि म्हणालो, अक्षर बदललंत, पण भाषा नाही बदलता आली. त्यांनी चष्मा पुसला आणि सावकाश वाचले. मग पत्र उलटे करून माझ्याकडे सरकवले.

“हे मी लिहिलं नाही,” ते म्हणाले. “आणि साहेब, तुम्ही हे वाचलंही नाही.”

मी पत्र पुन्हा हातात घेतले.

“हिंदीत शिक्षा म्हणजे काय हो? तुमच्या गावात इतकी शिक्षा मंदिरं आहेत, तिथे काय फटके मारतात? ‘जब तक न मिले’ लिहिलंय पुढे. सजा मिळेपर्यंत विमानावर पाठवू नका, असं कोण लिहील? शिक्षण मागून राहिला आहे हा माणूस. आमची पोरं घरी मराठी ऐकतात, पण शाळा हिंदीत शिकतात. धावपट्टी हा शब्द मी शिकवला म्हणून आला. बाकी सगळं पत्र सरळ हिंदी आहे.”

दाराशी उभे असलेले हेड साहेब जमिनीकडे पाहत होते.

पत्र कोणी लिहिले हे त्या क्षणी त्यांना कळले होते, आणि मलाही. सूड घेणारा माणूस शत्रूला शिकवा असे लिहीत नाही. ज्या को-पायलटबद्दल पत्र होते, तिनेच ते लिहिले होते.

नाव सांगा म्हटले तर त्यांनी मान हलवली. विमान कंपनीला पत्र पाठवू नका, चार दिवस द्या, एवढेच म्हणाले. कंपनीत पत्र गेले की तिला काढून टाकतील, प्रकरण दडपतील आणि तिच्या जागी तसेच दुसरे कोणी बसवतील. मी चार दिवस दिले. “तुम्ही जाऊ शकता,” असे म्हणालो आणि पुढच्या फाइलवर हात ठेवला.

ते दिवस मला जड गेले. दुपारचे विमान उतरायला लागले की आवाज ठाण्यापर्यंत यायचा आणि मी लिहिता लिहिता थांबायचो. आत ती बसली असेल, मागे साठ-सत्तर माणसे, आणि हे मला ठाऊक आहे. मी दिलेली मुदत योग्य होती की नाही, याचा निर्णय मी आजही करू शकलेलो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना ती वडिलांबरोबर आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, बारीक, साध्या सलवार-कुर्त्यात. वडील मूळचे वर्ध्याकडचे, इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला. महिला उपनिरीक्षकांना बोलावून मी जबाब घ्यायला बसलो. तिने पहिलेच वाक्य असे उच्चारले की लेखनिकाचा हात थांबला.

“पत्र टाकलं त्या दिवसापासून मी आजारपणाची रजा घेऊन घरीच आहे, सर. मी उडून नाही राहिली. आधी एवढं लिहून घ्या.”

मग तिने सांगितले. शाळेत विमान उभे असताना तिच्या वहीत पन्नासच्या आसपास तास लिहिले गेले. व्यवस्थापक म्हणाला, सगळ्यांचे असेच असते, उरलेले नोकरीत शिकशील. घरावर कर्ज होते, वय जात होते, तिने सही केली. छोट्या कंपनीने परवाना पाहिला, तासाभराची मुलाखत घेतली आणि घेतले. अनुभवी वैमानिक मोठ्या कंपन्यांत जात होते. जो स्वस्तात मिळेल तो त्यांना हवा होता. शिकाऊ म्हणून पगार अर्धा, आणि नोकरी सोडली तर भरपाई द्यायचा करार. कंपनीची विमाने जिथून सुटत त्या शहरात तिच्यासारख्या पाच मुली एका खोलीत राहायच्या. इथे गल्लीतली पोरे तिला ‘जहाजवाली दीदी’ म्हणायची आणि नातेवाईक फुकट तिकिटे मागायचे. पगाराचा आकडा ऐकून आमच्या जीपचा चालक दाराबाहेर हळूच म्हणाला, “दीदी, हमारे यहाँ भर्ती खुली है.” ती थोडी हसली. वडील हसले नाहीत. त्यांनाही तो आकडा त्या दिवशीच कळत होता.

गोष्ट वळणावर आली ती एका दुपारी. आडवा वारा होता आणि उतरण्याची पाळी तिची होती. विमान जमिनीला लागायच्या बेतात एका बाजूला झुकले. शेजारच्या कॅप्टनने तिच्या हातातून ताबा घेतला आणि उतरवले.

“ते काही बोलले नाहीत,” ती म्हणाली. “रागवले असते तर बरं झालं असतं. मी विचारलं, सर, रिपोर्ट करू? तर म्हणे, काहून करतेस, उद्याची ड्युटी आहे ना तुझी. उतरणारे लोक दारात आम्हाला थँक्यू म्हणून राहिले होते. एका आजीनं माझ्या गालाला हात लावला.”

लेखनिकाने नवे पान घेतले.

कंपनीत सांगितले तर नोकरी जाणार, इथे सांगितले तर परवाना. म्हणून नाव लिहिले नाही, असे ती म्हणाली. मी तिला कायदा समजावून सांगितला. खोटा दस्तऐवज तिनेही वापरला होता. ती आरोपी होऊ शकते. तिने वडिलांकडे पाहिले आणि म्हणाली, “लिहा.”

पुढचा तपास सरळ होता. धावपट्टीवरच्या कार्यशाळेची नोंदवही जप्त केली. ज्या दिवशी तिच्या वहीत दोन-दोन तासांची उड्डाणे होती, त्या दिवशी विमानाचे इंजिन उतरवून दुरुस्तीला पाठवलेले होते. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर व्यवस्थापक अर्ध्या तासात बोलला. सरांच्या सह्या त्यानेच केल्या होत्या. आणखी सहा मुलांच्या वह्यांत हेच निघाले. त्यातला एकही आपणहून आला नव्हता.

तिचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवला आणि वरिष्ठांशी भांडून तिला साक्षीदार केले. परवाना मात्र निलंबित झाला. मालक आणि व्यवस्थापक यांच्यावर आरोपपत्र गेले. विमान कंपनीचे नाव त्यात नव्हते. मी कलमे चाळून पाहिली. कमी पगारात मिळतो म्हणून कच्चा माणूस घेणे, त्याला येत नाही हे दिसूनही दुसऱ्या दिवशी कामाला लावणे, यासाठी मला कलम सापडले नाही. कंपनीने एक खुलासा पाठवला: आम्ही नियमाने आवश्यक तेवढी सर्व कागदपत्रे तपासली होती. ते खरे होते.

त्यानंतर गुरुवारी मी वाचनालयात गेलो तर सर नव्हते. पुढच्या गुरुवारीही नव्हते. ग्रंथपालांनी सांगितले की ते आता मंगळवारी येतात. मीही मंगळवारी जाऊ शकलो असतो. कधी तपास, कधी बंदोबस्त, मग निवृत्ती, अशी कारणे मी स्वतःला देत राहिलो. रस्त्यात भेटले तर ते आधी नमस्कार करत. ती मुलगी रोज सकाळी त्यांच्याकडे शिकायला जाते, एवढे कानावर येत होते. परराज्यातल्या एका शाळेत ते तिला स्वतः घेऊन गेले, आणि बुडालेले तास तिने दोन-अडीच वर्षांत तुकड्यातुकड्याने खरोखर उडून पूर्ण केले.

यंदा सर गेले. झोपेतच गेले. नर्मदेच्या तिलवारा घाटावर आम्ही वीसेक माणसे होतो. मुलगा परदेशातून पोचू शकला नाही, पुतण्याने अग्नी दिला. ती आली होती. सहा महिन्यांपूर्वी परवाना परत मिळाला आणि आता ती दुसऱ्या एका कंपनीत आहे, असे तिने सांगितले. मी उतरण्याबद्दल विचारले. आडव्या वाऱ्यात सुद्धा जमतं आता काका, ती म्हणाली. सरांनी खुर्चीवर बसवून, हातात काठी देऊन शंभर वेळा करून घेतलं होतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “तुमचेही उपकार आहेत. त्या दिवशी तुम्ही सरांच्या घरी गेला नसता, तर मी ठाण्यात आलीच नसती.”

मी विचारले, कोणत्या दिवशी.

“तुम्ही त्यांना सोडलं त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले. मी म्हटलं, पोलिसांकडे मी नाही जात, तुम्हाला दोन दिवस बसवलं त्यांनी. तर म्हणाले, अगं, ते टी.आय. साहेब आत्ता घरी येऊन माझी माफी मागून गेले. आपली चूक कबूल करणारा पोलीस आहे. त्याच्यापुढे तू आपली चूक सांगू शकतेस.”

मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो. त्या संध्याकाळी मी नेहमीच्या वेळी ठाण्यातून निघून घरी जेवायला गेलो होतो. मी हे तिला तिथेच सांगितले. ती चितेकडे पाहत म्हणाली, “त्यांना ठाऊक असेल, तुम्ही जाणार नाही म्हणून.”

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी असे समजत आलो की माणूस खरे बोलतो ते आमच्या प्रश्नांमुळे, कागदांमुळे, बाकावर बसवून ठेवल्यामुळे. माझ्या हातून झालेल्या तपासांत ज्याचे सर्वांत जास्त कौतुक झाले, त्यातला मुख्य जबाब मला मिळाला तो मी न मागितलेल्या माफीवर. ज्या माणसाचा मी अपमान केला होता, त्याने ती माझ्या नावावर घातली, आणि तिच्या भरवशावर एक मुलगी आपला परवाना गमावायला ठाण्याची पायरी चढली.

सरांचे घर आता बंद असते. माफी मागायला जायचे ते दार उरले नाही, म्हणून ती इथे लिहून मागतो आहे. मला उशीर झाला.