रिबन कापायच्या आधीचं बाळ

"मॅडम, हीपण अलिबागला गेली तर?" शगुफ्तानं पुन्हा विचारलं.

आम्ही लेबर रूममध्ये होतो, म्हणजे ग्रामीण रुग्णालयातल्या बाळंतपणाच्या खोलीत. टेबलावर दक्षता कळा सोसत होती. पहिलटकरीण, कोळीवाड्यात माहेरी आलेली. भिंतीपलीकडे आमच्या नर्सिंग स्कूलच्या अंगणात कुणीतरी माईकवर "हॅलो, हॅलो" करत होतं. वाट पाहणं दोन्हीकडे चालू होतं. इकडे बाळाची, तिकडे संस्थेच्या अध्यक्षांची.

मी या स्कूलमध्ये ट्यूटर आहे, मिडवायफरी शिकवते. आमच्या मुलींना परीक्षेला बसायचं तर दोन गोष्टी लागतात. एक, हजेरी. दुसरी, ठरलेली बाळंतपणं ट्यूटरसमोर स्वतःच्या हातानं केलेली हवीत. शगुफ्ताचं एक कमी होतं. यात तिचा दोष नव्हता. आमच्याकडे केस जरा अवघड वाटली की अलिबागला पाठवतात, आणि तिच्या पाळीला आलेल्या बाया एकामागून एक अँब्युलन्समध्ये बसून गेल्या होत्या. फॉर्म पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. आज बाळ हातात आलं नाही तर तिचे सहा महिने गेले. मग ज्युनिअर मुलींबरोबर पुन्हा पहिल्या बाकावर.

डॉक्टर आले, तपासलं. "ठोके ठीक आहेत. तासभर बघू. डोकं खाली सरकलं नाही तर पाठवून देऊ."

शगुफ्तानं माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात फोन. प्राचार्य.

"मॅडम, कुठे आहात? ओवाळायला तुम्ही हव्यात."

"सर, पेशंट आहे."

"पेशंट रोज असतात. अध्यक्ष वर्षातून एकदा येतात."

"कुठवर आलेत?"

"पालीला दर्शनाला थांबलेत."

मुंबईहून आमच्याकडे येताना पाली वाटेत लागत नाही. पण उद्घाटनाला निघालेल्या माणसाला नकाशा दाखवायचा नसतो.

उद्घाटन हजेरीच्या मशीनचं होतं. चेहरा दाखवला की हजर, नाही दाखवला की गैरहजर. मशीन आठवड्यापूर्वीच भिंतीवर लागलं होतं, पण त्यावर लाल रिबन होती. प्राचार्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, "अध्यक्षांच्या आधी कुणी तोंड दाखवायचं नाही." शगुफ्ताच्या बॅचच्या मुली सकाळपासून गणवेशात ताटं घेऊन उन्हात उभ्या होत्या. टाइमटेबलवर त्या दिवशी त्यांची 'लेबर रूम पोस्टिंग' होती. सकाळी वॉर्डच्या मस्टरवर सह्या करून त्या अंगणात गेल्या होत्या.

माईकवाल्यानं गाणं लावलं. दक्षताची आई उसळली.

"अगो सिस्टर, त्या भोंगेवाल्याला कुणी सांगा! आमची पोर हितं अर्धमेली हाय, न् ह्याचं आपलं लगीनघर!"

"मावशी, साहेब येणारेत," शगुफ्ता म्हणाली.

"येऊं दे. आमचा साहेब आधी येऊं दे."

दक्षता कळ संपता संपता हसली. तिनंच मग विचारलं, "काय गो, तू नवीन हायस काय? सारखी घड्याळाकडं बघतेस."

"नवीन नाही. थोडी घाबरलेय."

"मीपण."

फोन पुन्हा वाजला. मी तो बंद केला. नोकरीत असा उद्धटपणा मी फारसा केलेला नाही.

तास संपायच्या आत डोकं सरकलं. डॉक्टरांनी मान हलवली, "चालू द्या." मी शगुफ्ताच्या मागे उभी राहिले. फक्त उभं राहायचं हे माझ्या कामातलं सगळ्यात कठीण काम. हात पुढे जातात, ते मागे धरावे लागतात. शगुफ्तानं डोक्याला हाताचा आधार दिला, घाई केली नाही. खांदे आले आणि मग सगळंच आलं. मुलगी. रडली. शगुफ्तानं शिकवल्याप्रमाणे घड्याळाकडे बघून जन्माची वेळ मोठ्यानं सांगितली. वार पडली, बाळ आईच्या छातीवर गेलं, रडणं थांबलं.

तेव्हा बाहेर फटाक्यांची माळ लागली. बाळ दचकून पुन्हा रडायला लागलं. अध्यक्ष आले होते.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. हातात मशीनचा पहिला रिपोर्ट होता.

"मॅडम, तुम्ही आणि ही मुलगी काल गैरहजर दिसता. गैरहजर मुलीनं बाळंतपण कसं केलं? इन्स्पेक्शनला काय दाखवू? हे मोजता येणार नाही."

शगुफ्ता दारात उभी होती.

"सर, मशीन कधी सुरू झालं?"

"अध्यक्षांनी रिबन कापल्यावर."

"त्याआधी हजेरी कशावर?"

"मस्टरवर, अर्थात."

"मस्टरवर तिची सही आहे. आणि बाळ रिबनच्या आधीचं आहे. फटाके वाजले तेव्हा ते आईजवळ होतं. डॉक्टरांना विचारा."

प्राचार्यांनी रिपोर्ट उलटून पाहिला. मी म्हटलं, "मशीनवर बाकीची बॅच हजर आहे. टाइमटेबलप्रमाणे लेबर रूममध्ये. इन्स्पेक्शनला कुणी विचारलं, की एवढ्या मुली त्या एका टेबलाभोवती कुठे मावल्या, तर?"

त्यांनी पेन शोधलं. खिशातच होतं. शगुफ्ताचा फॉर्म सही होऊन संध्याकाळच्या आत गेला.

ती पास झाली, आता मुरुडला नोकरी करते. मशीन खाऱ्या हवेत एक पावसाळा टिकलं. रिबनचं टोक अजून त्याच्या खिळ्याला आहे. आम्ही परत मस्टरवर सह्या करतो. लेबर रूममध्ये मुलींना मी पूर्वीसारखंच सांगते, बाळ आलं की वेळ मोठ्यानं सांगा. आता त्यात एवढंच वाढवलंय: बाहेर कार्यक्रम असेल तर जास्तच मोठ्यानं.