वाळूत पुरलेली बाटली

कॉलेज सोडल्यापासून घरी माझं कोणी ऐकत नाही. तुम्ही तरी ऐका.

आज मढला गेलो होतो, तिला भेटायला. नाव टाकत नाही, तिच्या घरी आमचं अजून माहीत नाही. ती आणि तिची मावशी किनाऱ्यावर जुनं जाळं अंथरून जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, वाळत घालत होत्या. मी बाजूला, गिऱ्हाईक असल्यासारखा उभा.

एकदम ती खाली बसली. टाचेत काच घुसली होती. वाळू उकरली तर फुटलेली बीअरची बाटली निघाली, कुणीतरी पुरून गेलेली.

समोर पिकनिकचा एक ग्रुप तेच करत होता. माझी सटकली. "काय रे, घरी पण कचरा लादीखाली पुरता का?"

त्यातला एक शांतपणे म्हणाला, "भाई, साफच तर करतोय ना."

मी तिला म्हटलं, "चप्पल घालत जा ना गं."

टाच दाबून धरत ती हसली. "जवळ्यात चप्पल? खायचं असतं ते, येड्या."

'येड्या' ऐकून मावशीने मान वर केली. "तू कोण रे?"

मी जवळ्याचा भाव विचारला. त्या दोघी रिक्षाने डॉक्टरकडे गेल्या आणि मी तिथेच उभा राहिलो.

आता बोरीवलीला घरी बसलोय. तिचा मेसेज नाही. काच सगळी निघाली का, मावशीने फोन काढून घेतला का, काहीच कळत नाही. उद्या ती परत अनवाणीच वाळूत उतरणार, एवढं मात्र नक्की.

तुम्ही पण जाता ना मढला, गोराईला? भरलेली बाटली नेता येते, मग रिकामी परत आणायला काय जड होते?