कावीळ कशाने उतरली

आमच्या कळंबमध्ये अजून काही जण सांगतात, की आमच्या हिची कावीळ माळेने उतरली. ते खरं नाही, आणि ते पसरवलं मी.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बायकोचे डोळे पिवळे झाले. सासूबाईंनी शिनोली गावाहून काविळीची माळ आणून तिच्या डोक्यावर ठेवली; ती वाढत खाली उतरली की कावीळही उतरते, असं मानतात. माळ वाढत वाढत गळ्यात उतरली, डोळे मात्र तसेच. मग पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, शरीराची राखण करणारी शक्तीच उलटून यकृतावर उठली आहे. गोळ्या बरीच वर्षं घ्यायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत, वरचेवर रक्त तपासायचं, आणि न विचारता झाडपाल्याचं औषधसुद्धा पोटात घालायचं नाही.

एसटीच्या थांब्यावर हे सांगून पाहिलं, तर एकाने विचारलं, "राव, पिता तुमी, अन् लिवर वहिनींचं कसं बिघडलं?" सगळे हसले. मी तेव्हा घेत होतो. नंतर कुणी विचारलं, की 'माळेने गुण आला' म्हणून मोकळा व्हायचो. सासूबाईही खूश.

दोन-तीन वर्षांनी शेजारच्या वस्तीवरचा, मेंढ्या राखणारा मित्र आला. त्याच्या सुनेचे डोळे पिवळे, उलट्या थांबेनात.

"भाऊ, ती माळ कुठं भेटती? काढा बी देत्यात का?"

मी पत्ता सांगू लागलो, तेवढ्यात ही ताक घेऊन बाहेर आली.

"माळ घाला नायतर नका घालू, पोरीला आजच दवाखान्यात न्या. मी गोळ्यांनी बरी झाले."

"आन् भाऊ तर लई दिस माळंचंच सांगत व्हते!"

"त्यांनाच इचारा की," म्हणत ही हसली.

मी खाली बघत म्हणालो, "ती सांगते तेच खरं. माळेचं सांगायला सोपं पडायचं."

मित्र ताक न पिताच उठला. मी चपला घालून त्याच्यामागे गेलो. मंचरच्या दवाखान्यात सुनेचं रक्त तपासलं. तिची कावीळ वेगळी, खराब पाण्यातून आलेली निघाली. सलाईन लागलं, काही दिवसांत ती घरी आली. मित्र पुढे मला 'माळवाले पावणं' अशी हाक मारायचा. मी ओ द्यायचो.

मी दारू सोडली, हिच्या गोळ्याही कमी झाल्या. रक्ताचे आकडे चांगले आले, की तपासणीहून येताना आम्ही दोघं तेलकट भजी टाळून उसाचा रस पितो आणि निवांत घरी येतो. आता कुणी काविळीचं विचारायला आलं, की ही मलाच पुढे करते. मी पहिल्यापासून सांगतो, थांब्यावरच्या हसण्यासकट.