शेंगदाणे, विष आणि बाईंची न झालेली सही

डॉ. वत्सला कानडखेडकर यांनी मला उद्देशून उच्चारलेला पहिला शब्द ‘थुंक’ हा होता. परभणीला अन्नतंत्रज्ञान शिकायला आलो आणि पहिल्याच प्रात्यक्षिकात तपासणीसाठी ठेवलेले चार शेंगदाणे तोंडात टाकले. ताडकळसच्या शेतकऱ्याच्या पोराला समोर दाणे दिसल्यावर दुसरं काय सुचणार? बाईंनी माझ्या हनुवटीखाली तळहात धरला आणि मी मुकाट्याने थुंकलो. हात धुऊन त्यांनी वर्गाला सांगितलं, की बुरशी दाण्यात जे विष करते ते दिसत नाही, भाजून पुरतं जात नाही आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा घात करतं.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागताना समितीने मला एक सूचना केली: ‘त्या मालाचा’ विषय टाळावा, मंगल प्रसंगी वाद नको. समितीचा मान ठेवून सांगतो, मी त्याच मालाबद्दल लिहिणार आहे. तो वगळून जे उरतं ते कुणाही निवृत्त प्राध्यापकाबद्दल लिहिता येईल.

बाईंचं संशोधन विकिरणावर. वाळलेले दाणे पाकिटात बंद करून त्यांवर गॅमा किरणांचा मारा केला की बुरशी मरते. मारा जास्त झाला तर दाण्यातलं तेल बिघडून दाणा खवट होतो. बुरशी मरेल आणि चव टिकेल अशी बेताची मात्रा शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. विकिरणाची सोय जवळपास नव्हती, म्हणून पाकिटांची पेटी मांडीवर घेऊन त्या परभणीहून रेल्वेने दूरच्या विकिरण केंद्रावर जायच्या. एकदा परतीच्या प्रवासात मी सोबत होतो. पेटीत काय आहे हे कळताच शेजारचे गृहस्थ उठून दाराशी जाऊन उभे राहिले. बाईंनी त्याच पेटीतलं, खाण्यासाठी वेगळं ठेवलेलं पाकीट फोडलं, त्यांच्याकडे बघत दाणे चावले आणि म्हणाल्या, “मामा, दवाखान्यात छातीचा फोटो काढला म्हणून तुमी काय दिव्यावानी चमकायलात का? बसा खाली.” मामा बसले. परभणी येईपर्यंत निम्मं पाकीट त्यांनीच संपवलं.

बाईंना ताडकळसला एक केंद्र हवं होतं, शेंगा वाळवून, फोडून, दाणे बंद पाकिटात भरणारं. खरी गडबड तिथेच होते. आमच्याकडे फोडण्याआधी शेंगांवर पाणी मारतात, म्हणजे टरफल नरम पडतं आणि दाणा तुटत नाही. ती ओल तशीच पोत्यात जाते आणि दाण्याला बुरशी धरते. पाणी मारू नका म्हटल्यावर शेंगा फोडणाऱ्या बाया म्हणाल्या, “कोरड्या फोडून बोटं सोलायलीत, बाई.” बाईंनी उपदेश केला नाही. दिवसभर त्यांच्यात बसून कोरड्या शेंगा फोडल्या, स्वतःची बोटं सोलून घेतली आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी शेंगा फोडायचं हातयंत्र घेऊन आल्या.

केंद्रासाठी एका व्यापाऱ्याने शेड देऊ केली. त्यांना नुसतं शेठ म्हणतो. शेड झाडून झाली, यंत्र आत आलं, आणि मग शेठ विभागात आले. त्यांच्या गोदामात ओल लागून बुरसटलेला माल पडला होता. त्याचं विकिरण करून घेतो, बाईंनी ‘खाण्यास योग्य’ अशी सही द्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं. माल शाळेतल्या पोरांच्या चिक्कीसाठी जाणार होता.

बाईंनी नमुन्याचं विकिरण करून तपासणी केली. बुरशी मेली होती. विषही घटलं होतं, पण मर्यादेच्या वरच होतं.

“कमी तर झालं ना, बाई,” शेठ म्हणाले.

“कमी झालंय, गेलं न्हाई. तसंच लिहून देते, तुमी पाकिटावर छापा.”

वरिष्ठांनी बाईंना परोपरीने समजावलं, की शेड हातची जाईल, इतक्या वर्षांच्या धडपडीवर पाणी पडेल. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सही केली नाही. आठवड्याच्या आत शेडला कुलूप लागलं. यंत्र टेम्पोत चढवलं, शेजारी बाई बसल्या आणि रडल्या. हे छापलेलं त्यांना आवडणार नाही. पण मला त्या दिवशी जो राग आला तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितो.

केंद्र झालं नाही ते नाहीच. यंत्र आमच्या ओसरीवर आहे, गल्लीतल्या बाया त्यावर कोरड्या शेंगा फोडतात. तो माल पुढे कुणाच्या तोंडी गेला ते कळलं नाही, आणि बाईंना त्याचा घोर आजही आहे.

आता या सोहळ्यात बाईंना शाल त्याच शेठजींच्या हस्ते दिली जाणार आहे, कारण ते मोठे देणगीदार. मी तणतणत बाईंकडे गेलो आणि सोहळ्याला जाऊच नका म्हणालो. बाई ताटात दाणे निवडत बसल्या होत्या.

“येऊ दे की त्यांना,” त्या म्हणाल्या. “शाल घेते. सही मागितली तर आजबी न्हाई.”

बाई, तुमचे गुडघे, डोळे आणि हा हेका असेच धडधाकट राहोत, आणि शंभरीला आम्ही पुन्हा असेच भांडत जमू. हे मी आमच्या गरजेपोटी मागतो आहे. पाकिटावर ‘विकिरण केलेले’ छापलं की आतला कसलाही माल चोख, असं सांगणारे आता पुष्कळ निघालेत. अजून बऱ्याच हनुवट्यांखाली तुमचा तळहात लागणार आहे.